हँडसम : अर्थ आणि वाक्यात उपयोग

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ते खडूच्या भुकटीसारखे असतात. आपण फळ्यावर भलतंच काही लिहीत असतो, आणि ही भुकटी बाहीवर, चपलांवर, डब्याच्या झाकणावर आपोआप साठत जाते. मी रोज डायरी लिहितो, त्यामुळे माझ्याकडे ती जरा जास्तच साठली आहे. परवा शेगडीचा बर्नर कधी बदलला होता ते शोधायला १९८९ ची डायरी काढली. बर्नर सापडला नाही. कर्णिक सापडला. मग पुढच्या डायऱ्या काढल्या, तर त्यांतही कर्णिक. आणि जिथे कर्णिक आहे तिथे एक इंग्रजी शब्द आहे, दरवेळी लाल शाईने लिहिलेला. त्या एका शब्दाने माझी पाच वर्षं खाल्ली.

तेव्हा हे किस्से बर्नरच्या निमित्ताने.

*

सिल्वासात आमची मराठी माध्यमाची शाळा. मी तिथे गणित शिकवायचो, आणि शाळेच्या मागच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. शाळेच्या व्हरांड्यात एक छोटा फळा होता. त्यावर रोज सकाळी एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि वाक्यात उपयोग लिहायचा, ही मोठ्या बाईंची पद्धत. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मूळच्या गिरगावच्या. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. इंग्रजी मला कुणी शिकवलेलं नव्हतं. देवगडला असताना एक जुनी डिक्शनरी मिळाली होती, सगळा कारभार तिच्यावर.

बाईंचे नियम दोन. एकदा लिहिलेला शब्द पुन्हा लिहायचा नाही. त्यासाठी मी रजिस्टर ठेवलं होतं. आणि वाक्य खरं पाहिजे.

दुसऱ्या नियमाचा अर्थ मला पहिल्याच महिन्यात कळला. शब्द होता एलिफंट. मी वाक्य लिहिलं, 'देअर इज ॲन एलिफंट बिहाइंड अवर स्कूल.' बाईंनी ते वाचलं आणि शाळेच्या मागे गेल्या. दोन मिनिटांनी परत आल्या.

"नाईक, मागे एक शेळी आहे."

"बाई, ते नुसतं उदाहरण म्हणून..."

"मुलं फळ्यावरचं खरं मानतात." त्यांनी स्वतःच्या हाताने वाक्य पुसलं.

मी दुसरं लिहिलं, 'देअर इज नो एलिफंट इन सिल्वासा.' ते बाईंना पटलं. मान डोलावून त्या आत गेल्या.

दुपारी तीन वाजता समोरच्या रस्त्यावरून सर्कसचा हत्ती गेला. बाई खिडकीत उभ्या होत्या. मी वर्ग सोडून डस्टर घ्यायला उठलो.

*

दुसऱ्या दिवशीचा शब्द मी आदल्या संध्याकाळी सुनंदावर करून बघायचो. सुनंदा माझी बायको. सातवी शिकलेली, पण बोलायला माझ्यापेक्षा धीट. बहुतेक शब्द ती सकाळपर्यंत विसरायची. एक मात्र तिने कायमचा ठेवून घेतला, ऑल्सो.

"येताना कोथिंबीर आणा. लिंबू ऑल्सो."

"आईंचं पत्र आलंय. वन्संचं ऑल्सो."

मी म्हटलं, "अगं, मराठीत 'सुद्धा' आहे की त्याला."

"सुद्धा म्हटलं की मागाहून आठवल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "ऑल्सो कसं, शेजारी बसवून घेतल्यासारखं."

डिक्शनरीत असा अर्थ दिलेला नाही. मी बघितलं.

*

कर्णिक जूनमध्ये आला, मुंबईहून, विज्ञान शिकवायला. मी वर्गात अपूर्णांक घेत होतो. दारात लहानू येऊन उभा राहिला. लहानू आमचा शिपाई, राखोलीकडचा वारली.

"सर, नवा मास्तर आला ने. एकदम हँडसम."

लहानूला इंग्रजी शब्द तीन येत. डस्टर, स्टूल आणि मस्टर. हा चौथा त्याने कुठून आणला ते मला कळेना.

"याचा अर्थ काय रे, लहानू?"

"अर्थ नाय माहीत, सर. पण त्या मास्तरला बघितला ने, तवा कळला."

मधल्या सुट्टीत मी डिक्शनरी काढली. देखणा, रुबाबदार, बांधेसूद. मग स्टाफरूममध्ये जाऊन कर्णिककडे बघितलं. उंच, केस मागे वळवलेले, दात एका मापाचे, हसला की डाव्या गालाला खळी. डिक्शनरीत चूक नव्हती. घरी आल्यावर मी आरशातही तपासून घेतलं. तिथेही डिक्शनरीची चूक निघाली नाही.

*

कर्णिकचं जेवण खाणावळीत. खाणावळ बुधवारी संध्याकाळी बंद असे. आणि आमच्याकडे बुधवारी दमणहून मासे यायचे. त्यामुळे तो बुधवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. बोलावलं मीच होतं. माझा स्वभावच तसा आहे. ज्या दाताला ठणका लागतो, त्यालाच जीभ लावून बघतो.

पहिल्या बुधवारी तो सुनंदाला "वहिनी" म्हणाला, बांगड्याच्या कालवणाची चौकशी केली, आणि जेवण झाल्यावर स्वतःचं ताट उचलून मोरीत घासायला बसला. सुनंदा "अहो राहू द्या, भावजी," म्हणत मागे धावली. मी माझं ताट तिथेच ठेवून हात धुतले होते. आता परत येऊन उचलणं बरं दिसेना.

तो गेल्यावर सुनंदा म्हणाली, "हँडसम आहेत हो कर्णिक भावजी."

हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. मी विचारलं, "तुला कुणी सांगितला हा शब्द?"

"सगळी शाळा म्हणते. लहानूची बायको म्हणते."

मी वर्तमानपत्र उलगडलं. थोडा वेळ वाचल्यासारखं केलं. मग अगदी सहज, म्हणजे मला जितकं सहज जमतं तितक्या सहज विचारलं, "आणि मी?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मनापासून बघितलं, हे मला कबूल केलं पाहिजे.

"तुम्ही व्यवस्थित आहात."

व्यवस्थित हा शब्द आमच्या घरात कपाटाला वापरतात.

त्या रात्रीच्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे : 'बांगडे ताजे. सुनंदा – व्यवस्थित.' पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. तो शब्द मला हवा होता. एकदाच, माझ्यासाठी, सुनंदाच्या तोंडून. आणि मागून घ्यायचा नाही, हेही ठरवलं. मागितल्यावर कोणीही देईल.

*

म्हणून मग शर्ट शिवला.

कर्णिककडे फिकट निळ्या रंगाचा, बारीक रेघांचा एक शर्ट होता. त्याने तो घातला की मधल्या सुट्टीत दहावीच्या मुलींना विज्ञानाच्या शंका यायच्या. मी बाजारात फिरून तेच कापड शोधून काढलं. शिंपीही तोच गाठला. हा गुजराती गृहस्थ, फार सरळ मनाचा. त्याला सांगितलं, कर्णिक सरांना शिवलात तसाच. कॉलर तीच, खिसा तोच.

घालून बघितला. शिंपी चष्म्यावरून पाहत राहिला. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"माप तो बराबर छे, साहेब," तो म्हणाला. जरा थांबला. "शिलाई पण बराबर छे."

याच्यापुढे तो काही बोलला नाही. चांगला माणूस.

सोमवारी तो शर्ट घालून मी शाळेत गेलो. सुनंदाने सकाळी "नवा?" एवढंच विचारलं होतं, पण ती तेव्हा दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होती, तेव्हा ते मी धरलं नाही. शाळेत मोठ्या बाई समोरून आल्या. थांबल्या. चेहरा एकदम मऊ झाला.

"अरे वा, नाईक! कर्णिकांनी तुम्हाला त्यांचा जुना शर्ट दिला वाटतं. किती मनाचा मोठा मुलगा आहे."

*

फळ्याच्या खाली एक पत्र्याची पेटी होती. ज्या शब्दाचा अर्थ हवा असेल त्याची चिठ्ठी मुलं पेटीत टाकायची. कर्णिक आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी पेटी उघडली तर अकरा चिठ्ठ्या. दहांवर एकच शब्द. अकराव्या चिठ्ठीत 'बाथरूमला कडी नाही' अशी तक्रार होती.

मला अडचण कळली. शब्द लिहिला की वाक्य लिहावं लागणार. वाक्य खरं पाहिजे. आणि हँडसम या शब्दाचं सिल्वासात खरं वाक्य एकच होतं. ते माझ्या हाताने, माझ्या अक्षरात, रंगीत खडूने लिहायची माझी तयारी नव्हती.

तेव्हा मी डिक्शनरीच्या क्रमाने जायला सुरुवात केली, म्हणजे कुणी पक्षपात म्हणायला नको. हँडबॅग झालं. हँडकर्चिफ झालं. हँडल झालं. 'द हँडल ऑफ अवर बकेट इज ब्रोकन,' हे बाईंना इतकं आवडलं की त्यांनी बादली बदलून दिली. मुलं रोज सकाळी फळ्यापाशी गर्दी करू लागली. गुरुवारी हँडमेड. शुक्रवारी मी लिहिलं, हँडरायटिंग.

पाचवीतली वैशाली पुढे आली. तिचे वडील धुळ्याकडचे, राखोलीच्या कारखान्यात कामाला. ही मुलगी गणितातसुद्धा मधली पायरी सोडू द्यायची नाही.

"सर, तुम्ही हँडमेडवरून डायरेक्ट हँडरायटिंगवर गेले."

"बरं मग?"

"मधला शब्द राहिला ना, सर. आमच्या घरी डिक्शनरी आहे."

मी म्हटलं, "माझ्या डिक्शनरीचं ते पान फाटलंय."

वैशाली विचारात पडली. "सर, पान फाटलं तर मागचापुढचा शब्द तरी कसा राहिला?"

मी तिला वर्गात जायला सांगितलं. पुढची पाच वर्षं ती मुलगी महिन्यातून एकदा मला विचारायची, "सर, पान सापडलं का?"

*

माणूस इतका चांगला असू शकत नाही, असं माझं मत होतं. कुठेतरी खोट असणारच, आणि मी तर रोज लिहिणारा माणूस. मी कर्णिकवर लक्ष ठेवायला लागलो. डायरीत त्याच्यासाठी खाली चार ओळी राखून ठेवल्या.

'सोमवार. कर्णिक शाळा सुटल्यावर राखोलीच्या बसमध्ये चढला. कोणाकडे? बुधवार. आमच्याकडे यायच्या आधी पुन्हा राखोली. शुक्रवार. पुन्हा. हातात पिशवी.'

दोन आठवड्यांनी मी त्याच बसमध्ये मागे बसलो. तो कारखान्याजवळच्या एका चाळीत शिरला. मी पडवीच्या खांबाआडून बघितलं. धुळे-नंदुरबारकडचे सात-आठ कामगार पाट्या घेऊन बसले होते आणि कर्णिक त्यांना सही करायला शिकवत होता. पिशवीत पेन्सिली होत्या. तेवढ्यात वैशालीचा बाप बाहेर आला आणि मला बघून ओरडला, "या ना सर, या! तुम्ही बी शिकवायला आले का?"

दीड तास गुणाकार शिकवून मी परत आलो.

पुढचं पान. 'कर्णिक सकाळी दवाखान्यातून बाहेर पडताना दिसला. चेहरा पांढरा. काही तरी लपवतो आहे.' तीन दिवसांनी कळलं की लहानूची बायको बाळंतपणात अडली होती आणि रक्त कर्णिकने दिलं.

असं प्रत्येक पानावर. सगळ्या ओळी मी संशयाने सुरू केल्या आहेत आणि सगळ्या खाली जाऊन सरळ झाल्या आहेत. शेवटी एक दिवस मला ती खोट सापडली. लाल शाईने लिहिली : 'कर्णिकचं अक्षर अत्यंत वाईट आहे.' त्या दिवशी मी दोन वेळा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी कर्णिक माझ्या टेबलापाशी आला. हातात दुरेघी वही.

"नाईक सर, माझं अक्षर फार वाईट आहे. रोज दहा मिनिटं घ्याल माझी? मला तुमच्यासारखं लिहायचंय."

*

आता जो किस्सा सांगतो तो मी स्टाफरूममध्ये कधी सांगितला नाही.

रांध्याच्या एका कारखान्यात वैद्य नावाचे स्टोअरकीपर होते. त्यांची मुलगी लग्नाची. कर्णिकचं स्थळ त्यांना कुणी तरी सुचवलं. मुलामुलीने एकमेकांना पाहिलं होतं, दोघांनाही पसंत होतं. कर्णिक त्या आठवड्यात प्रयोगशाळेत शीळ घालत होता. एका रविवारी वैद्य चौकशीला माझ्याकडे आले. शाळेत सगळ्यात नीट माहिती नाईक सरांकडे मिळेल, असं त्यांना सांगितलं गेलं होतं.

सुनंदाने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

"मुलगा कसा आहे?" वैद्यांनी विचारलं.

"हँडसम आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे. स्वभावाने?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "हँडसम आहे."

वैद्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे, इकडेतिकडे काही?"

"मी कशाला कुणाबद्दल बोलू? हँडसम आहे, एवढं सगळे म्हणतात. मुली म्हणतात. बायका म्हणतात. आमच्या घरातसुद्धा म्हणतात."

वैद्यांनी उरलेला चहा प्यायला नाही. चप्पल घालताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "समजलो. उपकार झाले."

आठ दिवसांत नकार आला. कारण कळवलं नव्हतं. त्या बुधवारी कर्णिक जेवायला आला तेव्हा समोर पापलेट होतं आणि तो नुसता आमटीभात कालवत होता. "काय कमी वाटलं असेल हो त्यांना माझ्यात?" त्याने मला विचारलं. मला. ताट मात्र त्याने घासलं.

तो गेल्यावर सुनंदा माझ्यासमोर येऊन बसली.

"त्या रविवारी मी आत कांदा चिरत होते," ती म्हणाली. "सगळं ऐकू येत होतं."

"मी खोटं एक अक्षर बोललो नाही. तूच सांग, बोललो का?"

"खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं. पुसता आलं असतं."

त्यानंतर ती माझ्याशी भांडली नाही. जेवायला वाढत होती, कपड्यांना इस्त्री करत होती. फक्त संध्याकाळी उद्याचा शब्द विचारेनाशी झाली. आणि म्हणायची, "येताना कोथिंबीर आणा." थोडं थांबायची. "लिंबू आणा."

बारा दिवस घरात ऑल्सो नव्हता. मी मोजले आहेत.

*

तेराव्या दिवशी मी तीन वर्षांच्या डायऱ्या पिशवीत घातल्या, सायकल काढली आणि रांध्याला गेलो. एप्रिल होता. अर्ध्या वाटेत चेन पडली. ती चढवताना हात काळे झाले, आणि त्याच हाताने मी घाम पुसला, हे मला नंतर कळलं. वैद्यांनी दार उघडलं आणि मला आधी ओळखलंच नाही.

"मी सिल्वासाचा नाईक. मागच्या वेळी माझं वाक्य अर्धं राहिलं."

मग त्यांच्या पडवीत बसून मी वाचायला लागलो. कर्णिक राखोलीच्या बसमध्ये चढला, कोणाकडे, आणि मग कोणाकडे ते. दवाखाना, चेहरा पांढरा, आणि मग का ते. बुधवार, ताट स्वतः घासलं. बुधवार, ताट स्वतः घासलं. असे एकशे बारा बुधवार होते. वैद्यांनी पंधराव्याला हात वर केला. त्यांची मुलगी आतल्या दाराशी उभी होती.

"तुम्ही त्यांचं एवढं सगळं लिहून ठेवलंत?" वैद्य म्हणाले. "फार जीव दिसतो तुमचा त्यांच्यावर."

"हो," मी म्हणालो.

हे वाक्य मोठ्या बाईंनी पुसलं असतं.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सुनंदाने दार उघडलं. माझ्या कपाळावर ग्रीस, शर्टाची कॉलर फाटलेली. तोच तो रेघांचा शर्ट. तिने पिशवीतल्या डायऱ्या बघितल्या. पाणी आणून दिलं. मी प्यायलो तोवर ती समोर उभी होती.

"उद्या बुधवार," ती म्हणाली. "मासे आणा. कोकम ऑल्सो."

*

लग्न झालं. चांगलं झालं. पुढे दोन वर्षांनी कर्णिकला मुंबईत नोकरी मिळाली, आणि शाळेने त्याचा निरोप समारंभ ठेवला. त्या दिवशी सकाळी मी साडेसहालाच व्हरांड्यात गेलो. फळा ओल्या फडक्याने पुसला. वाळू दिला. मग पिवळ्या खडूने तो शब्द लिहिला. अर्थ : देखणा, रुबाबदार. वाक्यात उपयोग : 'कर्णिक सर इज अ हँडसम मॅन.'

वैशाली तेव्हा नववीत होती. फळ्यापाशी येऊन तिने शांतपणे वाचलं. "पान सापडलं, सर?"

"सापडलं."

मोठ्या बाईंनी वाचलं, मान डोलावली आणि आत गेल्या. कर्णिक मात्र बराच वेळ उभा राहिला. एवढी वर्षं सगळे जे म्हणत होते तेच तर लिहिलं होतं. तरी तो "नाईक सर, तुमच्या अक्षरात," एवढंच म्हणाला, आणि खिशातला रुमाल शोधू लागला.

संध्याकाळी मी सुनंदाला सांगितलं, "आज तो शब्द संपवला."

"संपवला म्हणजे?"

"रजिस्टरमध्ये चढला. आता पुन्हा फळ्यावर यायचा नाही. नियम आहे."

"वाक्य काय लिहिलंत?"

मी सांगितलं.

"तेवढंच?"

"तेवढंच."

ती तांदूळ निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कर्णिकला वापीच्या बसमध्ये बसवून द्यायला गेलो. बायको, दोन ट्रंका, पाण्याचा माठ, सगळं चढवलं. बस सुटेपर्यंत तो खिडकीतून हात हलवत होता. तेव्हाही हँडसमच दिसत होता. घरी न जाता मी तसाच शाळेत आलो.

फळ्यासमोर मोठ्या बाई उभ्या होत्या. हातात डस्टर. मागे मुलं. माझं कालचं वाक्य तसंच होतं, आणि त्याच्या खाली वर चढत गेलेल्या, लहानमोठ्या, थरथरत्या अक्षरात कुणी तरी लिहिलं होतं :

'नाईक सर ऑल्सो.'

शाळेतलं प्रत्येक अक्षर मी ओळखतो. हे शाळेतलं नव्हतं.

"कोणी लिहिलं हे?" बाईंनी लहानूला विचारलं.

"मला काय माहीत नाय, बाई. मी मागे शेळी हाकत होतो."

बाई माझ्याकडे वळल्या. चष्मा नाकावर नीट बसवला आणि मला डोक्यापासून चपलेपर्यंत बघितलं. हत्ती शोधायला ज्या चेहऱ्याने शाळेच्या मागे गेल्या होत्या, तोच चेहरा. पुन्हा फळा वाचला. पुन्हा मला बघितलं. मुलं श्वास धरून होती. मीही.

बाईंनी डस्टर खिळ्याला अडकवला.

"नाईक, आज नवा शब्द नको. उद्या लिहा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारी जेवायला घरी गेलो. सुनंदा भात वाढत होती. तिच्या पदराच्या टोकाला काही तरी पांढरं लागलेलं होतं.

"हे काय लागलंय?" मी विचारलं.

"पीठ," ती म्हणाली, आणि आमटी आणायला उठली.

आदल्या दिवशीचं पान माझ्यासमोर आहे. निरोप समारंभ, भाषणं, कर्णिकला दिलेलं घड्याळ, सगळं आहे. तळाला, नेहमीप्रमाणे घरची नोंद : 'गिरणीचा पट्टा तुटला. परवापासून घरात चिमूटभरही पीठ नाही. रोज भात.'